अर्धा उंदराला

सोमवारी शाळेत रिकाम्या आगपेट्या वाटल्या, चाळीस.
गुरुजींनी फळ्यावर लिहिलं : पडलेला दात फेकू नये.
मधल्या सुट्टीनंतर खाली कुणीतरी खडूनं :
मंग उंदराले का द्याचं?

मला उत्तर आलं नाही.

मी दातांची जाडी मोजते.
म्हणजे दातावरच्या त्या चकाकत्या थराची,
जो दुधाच्या दाढेवर जेमतेम मिलिमीटरभर,
पुढच्या दातावर त्याच्याही निम्मा.
गुरुजी त्याला पॉलिश म्हणतात. पोरांना ते पटलं.

"काहून मोजता जी?" पुस्तकलानं विचारलं.
तलावाच्या पाळीवर बसून ती शिंगाडे सोलत होती,
बोटं काळी, गर पांढरा,
काटे पदरात अडकलेले.
मी म्हटलं, साल किती जाड ते कळलं
की कीड कधी आत शिरेल याचा अंदाज येतो.
आणि हे साल एकदाच येतं, ताई.
घडवणाऱ्या पेशी काम संपलं की मरून जातात,
डागडुजीला मागे कुणी उरत नाही.
ती हसली. "सालावरून शिंगाडा तं मी बी सांगतो.
दात कवा घडला थे सांगा."
तुमच्या पोटात, म्हटलं. चौथ्या महिन्यापासून.
तिचा हात थांबला,
मग पुन्हा चालू लागला, जरा हळू.

पंधरवड्यानं आगपेट्या परत आल्या.
एकीत खडा. एकीत खडूचा तुकडा, नीट घासून गोल केलेला.
एकीत बकरीचा दात, आणि चिठ्ठी : मोठा आहे, चालेल का?
एकीत दोन, "एक भावाचा हाय, त्याले सांगू नोका."
खऱ्या निघाल्या तेरा.
अकरावी : त्रिशाली वलथरे, दुसरी, पाळीकडचं घर,
वरचा पुढचा, डावा.

नागपूरला हिऱ्याच्या पात्यानं मी तो चिरला.
केसाहून बारीक काप काढून भिंगाखाली धरला.
शून्य पूर्णांक एकेचाळीस.
रकान्यात लिहून पुढे जायचं असतं.
पण त्या थरात दिवस असतात,
एकाला एक चिकटून, पोथीच्या पानांसारखे,
आणि मध्ये एक रेघ :
अलीकडे आईच्या रक्तावर वाढलेलं, पलीकडे हवेत.
जन्माची रेघ. सगळ्यांच्या दुधाच्या दातात असते.
त्रिशालीची रुंद होती, काळपट,
कुणी पेन्सिल दाबून धरल्यासारखी.

फॉर्मवर होतं : प्रसूती नॉर्मल.

"नार्मलच लिवलन सिस्टरनं," पुस्तकला म्हणाली, दिवाळीनंतर.
"पुलावर पाणी होतं. डोंग्यात झाली.
लय वेळ रडलीच नाई. निळी पडली होती.
ह्या गोष्टीले सात वर्सं झाली, कोनी इचारलं नाई,
तुमाले कोन सांगितलन?"

दातानं, असं म्हणायला जीभ वळली नाही.
रेघ का रुंद होते हे माझं यंत्र सांगत नाही,
फक्त किती, ते सांगतं.
मी तिला फोटो दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली,
मग ओल्या बोटानं मोबाइलवर ती रेघ
पुसल्यासारखं केलं.

त्रिशालीला मात्र दात परत हवा होता.
काप काचेवर चिकटवलेला, तो सरकारी.
उरलेला अर्धा मी कागदात बांधून आणला होता.
तिनं उन्हात धरून आतून पाहिला,
बाहेरून पाहिला, हुंगला,
आणि घराकडे पाठ करून खांद्यावरून भिरकावला.
कवेलूंवर दोनदा टणटणला,
तिसरा आवाज आला नाही.

"अर्धाच देल्ला," ती म्हणाली,
"मंग तो बी अर्धाच देईन का?"

आणि हसली. तिथं नवा आलेलाच होता,
हिरडीतून अर्धा वर,
काठाला करवतीसारखे तीन दाते,
कशालाच अजून न चावलेले.